फोटोत बसवायचं आहे

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि वेलांट्या चुकतात. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात येतो तो बँकेत सही करायला तेवढाच. जळगावात ज्या घरी मी पोळ्या करायला जाते तिथे तुमचं मासिक येतं. बाईंचं वाचून झालं की त्या मला देतात. त्यात ही अनुभवांची पानं मी सगळ्यात आधी वाचते, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसते. मी लिहितेय हे घरी कोणाला माहीत नाही. छापलं तर नाव टाकू नका.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की सगळ्या बाया बघायला धावायच्या, मी वरती कपडे वाळत घालायला जायची. वेळ कुठे होता? आमचे मालक डाळ मिलमध्ये कामाला होते. तीन वर्षांपूर्वी मिलमध्येच छातीत दुखलं, दवाखान्यात पोचायच्या आधी गेले. त्यानंतर मला ते कधी स्वप्नात सुद्धा दिसले नाहीत. मी पडल्या पडल्या झोपते, दमलेली असते.

गेल्या वर्षी मुलीचं, पूनमचं, लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा. कार्यालय पण धुळ्यालाच घ्यायचं ठरलं, त्यांची माणसं जास्त म्हणून. पूनमने माझ्याकडे काहीच मागितलं नाही. दागिने नको, फर्निचर नको. एकच म्हणाली, "मम्मी, माझ्या अल्बममध्ये पप्पा पाहिजेत."

आता पप्पा कुठून आणायचे? यांना फोटोचा भारी कंटाळा. कोणी मोबाईल वर केला की हे उठून बाहेर जायचे. यांचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा. तोच मोठा करून भिंतीला लावलाय. त्यात डोळे अर्धे मिटलेले, तोंड सुजल्यासारखं. येणारा-जाणारा म्हणतो, हे असे नव्हते बाई.

पण हल्ली फोटोवाले वारलेल्या माणसाला कॉम्प्युटरवर ग्रुपमध्ये घालून देतात. माझ्या जेठाणीच्या, म्हणजे मोठ्या जावेच्या, माहेरच्या एका लग्नात तसं केलं होतं. म्हणून मी जळगावच्या सागर नावाच्या फोटोवाल्याकडे गेले. मला अशा ठिकाणी बोलायला जमत नाही. दोन वेळा दुकानावरून नुसतीच परत आले. तिसऱ्या वेळी आत गेले आणि बोलले, "आमच्या मालकांना फोटोत बसवायचं आहे."

तो लगेच समजला. "बसवून देतो मावशी. फॅमिली फोटोत मधोमध. कळणार पण नाही." आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, मोबाईलमध्ये भिंतीवरच्या फोटोचा फोटो मागवला. मी ॲडव्हान्स दिला आणि घरी आले. पूनमला सांगितलं, "काम झालं." त्या रात्री तिने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

लग्नाच्या दोन दिवस आधी सागरचा फोन आला. लग्नाची दाट तीथ होती, त्याला दुसऱ्या मोठ्या लग्नाला जायचं होतं. म्हणाला, "धुळ्याचाच माझा मित्र येईल, गोकुळ. माझ्यापेक्षा चांगला हात आहे त्याचा. तुमचं ते खास काम मी त्याला सांगून ठेवलंय." मी बरं म्हटलं. मला दुसरं काय म्हणता येणार होतं?

लग्न भर उन्हातलं. कन्यादान माझे जेठ, यांचे मोठे भाऊ, आणि जेठाणी करणार होते. जेठांना घरात सगळे आबा म्हणतात. मी स्टेजवर गेले नाही. कोणी येऊ नको म्हटलं नाही, कोणी चल पण म्हटलं नाही. मी मागे स्वयंपाकाकडे होते. वरण-बट्टीचं जेवण होतं, बट्ट्या तळून यायला उशीर होत होता, आचारी आणि वाढपी एकमेकांवर ओरडत होते. उभी राहून राहून माझे पाय भरून आले होते.

लग्न लागल्यावर थोड्या वेळाने एक बारीकसा तरुण मागे आला. गळ्यात कॅमेरा, शर्ट घामाने चिकटलेला. हाच गोकुळ.

"नवरीच्या आई तुम्हीच ना? मावशी, चला. आबा थांबलेत."

"कशाला?"

"फॅमिली फोटो. काढले एवढे, पण तुमच्याशिवाय पुरं नाही म्हणतात ते. आणि मावशी, सगळ्यांना फेटे बांधले, आबांनाच कसा नाही बांधला? बरं दिसत नाही."

मला वाटलं जेठांनी उकाड्याने फेटा काढून ठेवला असेल. त्यांचं काही खरं नसतं. मी म्हटलं, "मला फोटो नको. इथे बट्ट्या संपत आल्या आणि पंगत बसायचीय. त्यांना म्हणावं, उठा आता. बस झाले फोटो."

"मावशी, एकच मिनिट..."

"सांगितलं ना भाऊ. उठा म्हणावं त्यांना."

तो गेला. मी विसरून गेले.

पूनम माहेरी आली तेव्हा आम्ही तिघी, मी, पूनम आणि जेठाणी, सागरच्या दुकानात फोटो निवडायला गेलो. फोटो छान होते. हळदीचे, सूनमुखाचे, पूनम रडतानाचे. मग फॅमिली फोटो आला. मधोमध एक खुर्ची. मोकळी. खुर्चीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना सगळे उभे. जेठ मागे उभे होते, फेटा डोक्यावर होता. पूनम खुर्चीच्या बाजूला, आणि तिचा उजवा हात खुर्चीच्या पाठीच्या वर हवेत.

सागर खूष झाला. "बघा, गोकुळने कसं डोकं लावलं! जागा सोडली, खुर्ची ठेवली, हात पण बरोब्बर. मला आता नुसतं काकांना बसवायचं."

त्याने तिथल्या तिथे करून दाखवलं. आधार कार्डाचं तोंड घेतलं, कॉम्प्युटरनेच अंग दिलं. खुर्चीवर एक गोरा माणूस आला, निळा कोट, पांढरे दात.

जेठाणी म्हणाली, "अगं बाई, हा तर बँकेचा साहेब. आपल्या घरात कुठून घुसला?"

मला हसू आलं. पूनमला नाही आलं. ती म्हणाली, "हे पप्पा नाहीत." आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली.

सागर ओशाळला. दुसरा शर्ट लावून बघतो म्हणाला, आणि खुर्चीबद्दल विचारायला त्याने गोकुळला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी माझ्या कानाने ऐकलं.

"अरे, त्या धुळ्याच्या लग्नात खुर्ची मोकळी सोडलीस ते भारी केलंस."

"कोणती खुर्ची मोकळी?"

"फॅमिली फोटोतली."

"ती मोकळी कुठे? नवरीचे वडील बसलेत ना. तूच तर मेसेज केला होतास, वडिलांना फोटोत बसवायचं आहे म्हणून. मला वाटलं आजारी असतील, उभं राहवत नसेल. मी हात धरून बसवलं त्यांना."

"गोकुळ, ते वारलेत. दोन वर्षं झाली. बसवायचं म्हणजे कॉम्प्युटरवर बसवायचं होतं."

सागरने हॅलो हॅलो केलं आणि फोन ठेवला. "दोन दोन लग्नं करतो एका दिवसात. ऊन लागलं असेल," तो म्हणाला. पण मॉनिटर त्याने बंद केला.

घरी येऊन मी जेठांना विचारलं, "तुम्ही मला फोटोला बोलावणं पाठवलं होतं ना?"

"मी? मी कोणाला पाठवलं? मी तर म्हणत होतो, आटपा, भूक लागली."

"मग मोकळ्या खुर्चीभोवती उभे कसे राहिलात सगळे?"

"त्याने उभं केलं तसं राहिलो. लग्नात फोटोवाल्याचं कोण ऐकत नाही? तो बडबडत होता खरा काहीतरी. मला वाटलं कानात वायर असेल, फोनवर बोलतोय."

पूनम भांडी पुसत होती. तिला म्हटलं, "आणि तुझा हात?"

"तो म्हणाला, ताई, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवा. मला वाटलं नंतर कॉम्प्युटरवर बसवतील, त्यासाठी."

"एवढा वेळ हवेत धरलास? दुखला नाही?"

"नाही." ती ताट पुसत राहिली. "टेकला होता."

मी तिच्या हातातलं ताट घेऊन फळीवर लावलं.

दोन-चार दिवसांनी गोकुळ धुळ्याहून एसटीने आमच्या घरी आला. पत्ता सागरकडून घेतला म्हणाला. पाणी दिलं ते प्यायला नाही, भिंतीवरचा फोटो बघत उभा राहिला. मला वाटलं आता ओळखेल.

"हे नाहीत," तो म्हणाला.

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, कोणीतरी पाहुणा असेल, उगाच डोक्याला ताप.

मग तो म्हणाला, "म्हणजे असं तोंड नव्हतं त्यांचं. जरा लांबट होतं. खांबाजवळ कूलरपाशी एकटेच बसले होते. मी विचारलं, नवरीचे वडील कोण? तर म्हणाले, मीच. कॉलरमध्ये रुमाल खोचलेला होता. म्हटलं आबा, फोटोपुरता काढा, तर नाही म्हणाले. खुर्चीवर बसले ते पण एक पाय वर घेऊन. मी म्हटलं पाय खाली घ्या, तर म्हणतात, राहू दे भाऊ, गुडघा दुखस."

मी खाली बसले.

आमचे मालक मूळचे अमळनेरकडचे. शेवटपर्यंत अहिराणीच बोलायचे. मिलमध्ये गुडघ्यावर पोतं पडलं होतं तेव्हापासून पाय वर घेऊनच बसायचे, आणि कॉलरमधला रुमाल डाळीच्या धुळीसाठी. हे सागरला माहीत नव्हतं. मी आधार कार्ड दिलं होतं, गुडघा नाही सांगितला.

मग मी विचारलं, "मला बोलवायला तू आपणहून आलास?"

"नाही मावशी. त्यांनीच पाठवलं. म्हणाले, तिले बी बलाव. ती उनी नही तर फोटू काय कामना?" मी आले नाही तर फोटो काय कामाचा, असं.

"मी जे सांगितलं... ते तू त्यांना सांगितलंस?"

"हो. म्हटलं, मावशी येत नाहीत, उठा म्हणतात."

"मग?"

"हसले. म्हणाले, राहू दे, तिले कामं शेत, कामं आहेत म्हणे तुम्हाला. आणि उठले. मी कॅमेऱ्यात बघेपर्यंत गर्दीत गेले. मला वाटलं जेवायला गेले."

माझ्याच्याने त्याला चहा सुद्धा करवला नाही. त्यानेच ग्लास मोरीत ठेवला आणि निघाला. जाताना उंबऱ्याशी चपला घालता घालता म्हणाला, "मावशी, मी चाळीस तरी फोटो काढले असतील त्यांचे. एकात नाहीत. व्हिडिओत पण नाहीत, मी बघून आलो. त्यात मीच एकटा वाकून कोणाची तरी कॉलर सरळ करतोय."

ज्यांच्याकडे पोळ्या करते त्या बाई शिकलेल्या आहेत. त्यांना हे नाव न घेता, दुसऱ्या कोणाचं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, उन्हाने भास होतात, आणि गुडघेदुखीची म्हातारी माणसं खानदेशात गल्लोगल्ली आहेत. बरोबर आहे त्यांचं. मी पण दुसऱ्या कोणाला असंच सांगितलं असतं. पण मग गोकुळ माझ्यापाशी आला होता तो कोणाचा निरोप घेऊन, हे मला कोणी सांगू शकत नाही. आणि मी उठा म्हटलं ते कोणाला म्हटलं, हे पण.

पूनमने अल्बम तसाच करायला लावला. निळ्या कोटाचा माणूस काढून टाकला. मधल्या मोठ्या पानावर मोकळ्या खुर्चीचा फोटो आहे. सासरी कोणी विचारलं की ती म्हणते, "हे पप्पा." लोक तिच्याकडे बघतात. जावई चांगला आहे, तो पान उलटतो.

गोकुळला वाटलं काम आपल्याकडून पुरं झालं नाही. त्याच्या आईने पण सांगितलं, त्या लग्नाचा पैसा घरात ठेवू नको. सागरने त्याला दिवसाचे जे दिले होते ते तोवर कॅमेऱ्याच्या हप्त्यात गेले होते, म्हणून तो थोडे थोडे करून परत करायला लागला. मी खूप नको म्हटलं. तू उन्हात राबलास, बाकीचे फोटो किती छान आलेत, तुझे कष्टाचे आहेत. ऐकला नाही. बोदवडकडे एखादं लग्न असलं की जाताना जळगावला उतरायचा, ओट्यावर नोटा ठेवायचा. बसायचा नाही. भिंतीकडे बघायचा नाही. मला तर त्याचं येणं जड व्हायला लागलं होतं. तो आला की त्या दिवशी मी पोळ्या करपवायची.

परवा तो शेवटचा येऊन गेला. "मोजून घ्या मावशी," म्हणाला. मी मोजल्या नाहीत, बरोबर असतील म्हटलं. त्याने हात जोडले आणि रिक्षा पकडायला गेला.

पैसे तेवढे सगळे परत आले.