कुत्र्याला थंडी मानवली तेव्हा

आमचे हे गेले ते श्रावणात. फौजेतून निवृत्त होऊन कुंडलच्या मळ्यात राहायला आल्यावर त्यांनी एक तांबूस गावठी कुत्रं पाळलं होतं. त्याच्याशी ते हिंदीत बोलायचे. त्यांनी 'चलो' म्हटलं की ते टुणकन उठायचं. मी 'चल' म्हटलं तर नुसतं बघायचं. आठ वर्षांत मी त्याला फक्त भाकरी घातली. बाकी ते त्यांचंच होतं.

दिवसकार्य उरकलं, मुलगी साताऱ्याला परत गेली. पाऊस लागून राहिला होता. कुत्रं रिकाम्या गोठ्यात कडब्याला टेकून पडून असायचं, अर्धी भाकरी टाकायचं. ढग गडगडले की थरथरत भिंतीकडे तोंड करायचं. मी पोतं टाकून त्याच्याजवळ बसायचे. भेटायला येणारी माणसं दोन शब्द बोलून जायची. माझ्याइतकंच कुणाला तरी तुटतंय असं मला त्या गोठ्यातच वाटायचं. मुलीला फोनवर म्हणायचे, "तेही जेवत नाही गं. आम्ही दोघं सारखीच."

शेजारच्या वस्तीवर माझे चुलत दीर राहतात. एकदा दूध द्यायला आले तेव्हा ते म्हणाले, "आवं वैनी, त्ये दर पावसाळ्याला असंच पडून ऱ्हातंय. हिंडाय मिळत न्हाई, अंग वलं ऱ्हातंय. तुमी कवा ध्यान दिलं न्हाई." मला त्यांचा राग आला. दुधाचं भांडं घेऊन मी आत गेले.

दिवाळी गेली. एका सकाळी दार खरवडल्याचा आवाज आला. उघडते तर कुत्रं अंगावरच झेपावलं. मग दवात लोळलं, बगळ्यांमागे धावलं, कालव्याच्या वाटेपर्यंत जाऊन भुंकत परत आलं. अख्खी भाकरी खाऊन आणखी मागायला लागलं. डोळे नुसते चमकत होते. ह्यांना जाऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते.

"लाज नाही वाटत तुला?" मी मोठ्यानं म्हणाले. आणि साखळी आणून त्याला गोठ्याच्या खांबाला बांधून टाकलं.

चार दिवस ते तसंच बांधलेलं होतं. ही गोष्ट मी मुलीलाही सांगितलेली नाही. ते ओढ घ्यायचं, रडायचं. मानेवरचे केस झिजले. पाचव्या दिवशी दिरांनी पाहिलं.

"चावलं का कुणाला?"

"नाही."

"मग?"

त्यांनी वाकून साखळीखालची त्याची मान चाचपली. मग हळू म्हणाले, "वैनी, त्याला थंडी मानवतीया. दादा असता तरी असंच नाचलं असतं त्ये."

ते गेल्यावर मी साखळी सोडली. पळून जाईल असं वाटलं होतं, पण ते वाटेवर जाऊन थांबलं आणि मागं वळून बघू लागलं.

"चल," मी म्हणाले. ते हललं नाही.

"चलो." माझाच आवाज मला ओळखू येईना. कुत्रं निघालं, मागोमाग मी.

कालव्यापर्यंत जाताना मला धाप लागली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, समोर फक्त त्याची शेपटी. त्या उसात मी पहिल्यांदा मोकळ्यानं रडले. ऐकायला कुणीच नव्हतं. कुत्रं उंदराचं बीळ हुंगत होतं. जवळसुद्धा आलं नाही.

त्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. चैत्रात कुत्रं पाण्याच्या पाइपाजवळची ओली माती उकरून पोट टेकून पडतं. भादव्यात चार-चार दिवस गायब होतं आणि फाटका कान घेऊन येतं. पावसात रुसतं. त्यातून मी काही अर्थ काढत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात मुलीचा फोन आला. "आई, आवाज असा का येतोय तुझा? साताऱ्याला ये ना कायमची."

"पाऊस आहे गं," मी म्हणाले. "थंडी पडली की बरं वाटेल."

तिला ते पटलं. थंडीतही मला फारसं बरं वाटत नाही. पण कालव्यापर्यंत जाऊन येते.