तलावावरचे तीन संशयित

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. माळ्यावरच्या भंगारासारखे ते आपोआप साठतात, आणि मग एक दिवस घरातलंच कुणीतरी विचारतं, "हे सगळं आलं कुठून?" आमच्या तिघांचे किस्से मात्र सगळे एकाच वाक्याने सुरू होतात. कुणीतरी आमच्याकडे डोळे बारीक करून बघतं आणि म्हणतं, "खरं सांगा, तुमचं चाललंय काय?"

चाललेलं असायचं एवढंच. नव्वदच्या दशकात रोह्याच्या एका केमिकल कंपनीतले आम्ही तिघं, दर रविवारी पेण आणि रोह्याच्या मधल्या एका धरणाच्या तलावावर शिडाची फळी चालवायचो. त्याला विंडसर्फिंग म्हणतात हे आम्हालाही उशिराच कळलं. फळीवर उभं राहायचं, शीड हातात धरायचं आणि वारा नेईल तिकडे जाऊन पडायचं. मी मेन्टेनन्सला, सावंत टाइम ऑफिसात आणि नंदू म्हात्रे बॉयलरवर. नंदूचं घर धरमतरकडचं, मिठागरावरचं, त्यामुळे वारा कुठून येणार हे त्याला आधी कळायचं. मोसम दसऱ्यापासूनचा दीडेक महिना. दुपारी वारा चढायचा आणि तलाव काठोकाठ असायचा. वारा उन्हाळ्यातही असतो हो, पण तेव्हा धरणात फळी चिखलावर चालवावी लागेल!

* * *

फळी मिळाली ती परदेशातून मशीन बसवायला आलेल्या एका साहेबाकडून. परत जाताना त्याने ती नंदूला देऊन टाकली. पण आमच्या कंपनीतून गेटपासशिवाय सुईसुद्धा बाहेर जात नसे. फॉर्मवर 'वस्तूचे वर्णन' असा रकाना. 'बोट' लिहावं, तर केमिकल कंपनीत बोट आली कुठून? शेवटी सावंताने सुंदर अक्षरात लिहिलं, 'इस्त्रीचे टेबल, मोठे, नग एक.'

गेटवरच्या सुभेदाराने फळीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हे कापड कसलं?"

"टेबलाचं कव्हर."

"आणि ही एवढी लांब नळी?"

सावंताने माझ्याकडे बघितलं. नंदू म्हणाला, "कपडे वाळत घालायला!"

सुभेदाराने सही केली. पण पुढे वर्षभर तो रोज सकाळी मला गेटवर थांबवायचा आणि माझ्या शर्टाची इस्त्री बघायचा.

* * *

एकदा शीड फाटलं. नंदूच्या गावात होड्यांची शिडं शिवणारा एक म्हातारा होता, म्हणून जीपच्या टपावर सगळा सरंजाम बांधून निघालो. त्या दिवसांत जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चोरून स्फोटकं उतरल्याचं उघडकीला आलं होतं, आणि रस्त्यावर दर थोड्या अंतरावर तपासणी. वडखळच्या अलीकडे आम्हाला उतरवलं.

हवालदाराने शिडाची नळी सोडवली. एका टोकाला त्याने डोळा लावला, दुसऱ्या टोकाला शिपायाने. बराच वेळ दोघं एकमेकांचा डोळा बघत राहिले.

"काय दिसतंय?" हवालदाराने विचारलं.

"तुमीच दिसताय, साहेब."

हवालदार आमच्याकडे वळला. "आत काहीच नाही?"

"नाही साहेब, पोकळ आहे."

"मग काहीच नाही तर एवढं घट्ट बांधून का नेता?"

दोन तास बसवून ठेवलं आणि चहा आमच्याकडूनच मागवला.

* * *

सावंतवहिनींचा संशय वेगळा. नवरा रविवारी कडक कपड्यांत जातो, संध्याकाळी ओल्या केसांनी येतो, नाक लाल आणि चेहऱ्यावर समाधान! सावंत घरी सांगायचा, "ओव्हरटाइम." सगळ्यांची हजेरी लिहिणारा टाइम ऑफिसातला माणूस ओव्हरटाइमचं खोटं बोलतो, म्हणजे कमाल आहे.

एका रविवारी वहिनी एसटीने थेट तलावावर हजर. आम्हाला वाटलं, आज सावंताचं काही खरं नाही. त्या सावलीत बसल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. सावंत उभा राही, शीड ओढी, धपकन पडे. परत चढे, परत पडे. तासाभराने वहिनी उठल्या, पदर झटकला आणि मला म्हणाल्या, "उगीच घाबरले हो, भावजी. ह्यांच्याकडे बघायला कोण बाई येणार!"

सावंताला ते फार लागलं. त्यापेक्षा संशय बरा होता, असं तो अजून म्हणतो.

* * *

तलावाच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची दहा-बारा घरांची वाडी होती. धरण झालं तेव्हा त्यांची जुनी जागा पाण्यात गेली आणि वाडी वर सरकली. आता सरकायला जागाच उरली नव्हती. मागे लगेच फॉरेस्टची हद्द, तिथे खांब रोवला की गार्ड येऊन झोपडी मोडायचा. त्यामुळे पाणी आणखी वर येणार का, ही एकच धास्ती त्या माणसांना.

वाडीतला लक्ष्मण वाघमारे दर रविवारी काठावर उकिडवा बसून आमच्याकडे बघायचा. एकदा त्याने विचारलं, "साहेब, मोजनी कसली हाय?"

मी गमतीने म्हणालो, "वाऱ्याची!"

तो हसला नाही. "आनि पान्याची?"

"ती नंतर!"

काय झकास उत्तर दिलं, असं मला वाटलं. मूर्ख होतो.

* * *

धरणावरचे वॉचमन घरतकाका. तलावात मासे धरायला मनाई आणि आम्ही फळीच्या नावाखाली तेच करतो, ह्याची त्यांना पक्की खात्री. कधी फळी उलटी करून बघत, कधी आमच्या पिशव्या. एकदा जेवायला बसलो आणि काका वास घेत आले.

"डबा उघडा."

नंदूने उघडला. आत तळलेले बोंबील.

"धरनात बोंबील नाय मिलत," काका विचारात पडले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात ते ओरडले, "म्हंजे तुमी समुद्रातपन जाता!"

पुरावा म्हणून चार बोंबील त्यांनी जागेवरच खाऊन टाकले.

* * *

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवा, आमचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. फळी एकच, त्यामुळे शर्यत पाळीपाळीने आणि घड्याळावर. प्रत्येकाचं म्हणणं, बाकीचे दोघं लबाडी करतात. म्हणून एका दिवाळीच्या आधी मी शिस्त लावली. पाण्यात दोन तांबडे डबे तरंगत सोडले. लांबून दिसावेत म्हणून काठाच्या चढावर, वाडीच्या जरा वर, तीन बांबू रोवून तांबडी फडकी बांधली. सावंताच्या हातात घड्याळ, माझ्या हातात वही. त्याने वेळ मोठ्याने ओरडायची, मी लिहायची आणि तिघांनी सही करायची. दिवसभर मजा आली.

दिवाळीमुळे दोन रविवार चुकले. तिसऱ्या रविवारी गेलो तर लक्ष्मणचं घर जागेवर नव्हतं. खांबांचे खड्डे तेवढे राहिले होते. घर होतं आमच्या झेंड्यांच्या वर, फॉरेस्टच्या हद्दीत! कारवीच्या भिंती नव्याने सारवल्या होत्या आणि त्याची बायको दारात बसून आमच्याकडे बघत होती.

"अरे, हे काय केलंस?" मी विचारलं.

"मागल्या टायमाला पन तांबडेच झेंडे व्हते," लक्ष्मण म्हणाला. "झेंड्याच्या खालचा सगला पान्यात गेला. आमी उशिरा उठलो, भांडीपन गेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बांबू मी स्वतः उपटले, वही त्याच्यासमोर टराटरा फाडली. हा नुसता खेळ आहे, अशी सावंताने पोरांची शपथ घेतली. लक्ष्मण मान हलवत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. तेव्हा नंदूने त्याचा हात धरला. "चल, तूच चढ फळीवर. मोजनीच्या फळीवर कुनी कुनाला चढवतो काय?"

लक्ष्मण चढला. शीड उचललं आणि, काय सांगू, पहिल्याच खेपेला पाच-पन्नास हात सरळ गेला! मग असा काही आपटला, की काठावर अख्खी वाडी हसली. त्याची बायको तर पदर तोंडाला लावून लोळायची बाकी. तो परत चढला, परत पडला, स्वतःही खदाखदा हसत बाहेर आला.

"पटला," तो म्हणाला. "खेल हाय."

इतक्या वर्षांत आमच्यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस! सावंताने तर त्याला मिठीच मारली. मी म्हणालो, "मग गार्ड यायच्या आत घर खाली आण. आम्ही तिघं लागतो हाताला."

"आनतो की." लक्ष्मणने तोंडावरचं पाणी पुसलं. मग मला जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "आता खरा सांगा साहेब, पानी कुठवर येनार?"