चौथी टर्की आणि आईंचं ऑपरेशन

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

माझा नवरा समीर रानटर्कीच्या शिकारीसाठी अमेरिकेला जातो. तिथे वेगवेगळ्या भागांत तिच्या वेगवेगळ्या जाती मिळतात. चार जातींची शिकार करायची, हा त्याचा ध्यास; तीन झाल्या होत्या. चौथीसाठी तो फ्लोरिडाला गेला आणि इकडे सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. इथल्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात खुब्याचं ऑपरेशन झालं. मी फोनवर "परत ये" म्हटलं, तर म्हणाला, "तू आहेस ना तिथे. सीझन गेला तर वर्ष वाया जाईल."

आज तो एअरपोर्टवरून थेट वॉर्डात आला आणि आधी मोबाइलवर मेलेल्या पक्ष्यासोबतचा फोटो दाखवला. "आई, चारही जाती झाल्या."

आईंनी फोटो पाहिला. म्हणाल्या, "बरं. आता मला जरा उठवून बसव."

तो नुसता उभा. कोणत्या पायाचं ऑपरेशन झालंय, तेच त्याला माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी हलले नाही. "आईंनाच विचार," म्हटलं.

शेवटी त्यांनीच एकेक सांगत त्याच्याकडून स्वतःला बसवून घेतलं.

आता घरी येऊन म्हणतोय, मी त्याला आईसमोर लाजवलं. "तू आहेस ना" म्हणून निघून जाणाऱ्या माणसाला तुमच्या घरी काय उत्तर देतात?