लाभपाचमीला रुसलेला कीबोर्ड

सुरतेत दिवाळीला मिटलेला धंदा लाभपाचमीला उघडतो. त्या सकाळी शेठच्या ऑफिसचं कुलूप मी काढलं आणि तासाभरात मीच चोर ठरले.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही लिंबायतला, खानदेशातून आलेल्यांच्या वस्तीत राहायचो. वडील शेठच्या लूमवर होते. त्यांनीच शब्द टाकून मला ऑफिसात चिकटवलं होतं, कम्प्युटरवर साड्यांच्या काठाची डिझाइनं काढायला. माझ्या हातून काही उलटंसुलटं झालं तर माझी नोकरी जाणार आणि वडिलांना लूमच्या खात्यात मान वर करून फिरता येणार नाही, हे मला घरून रोज ऐकवलं जायचं.

लॅपटॉप शेठच्या जावयाने परदेशातून आणलेला. दिवाळीत चोपडापूजनाच्या दिवशी शेठने तो हिशेबाच्या चोपड्यांशेजारी उघडा मांडला, हळदकुंकू लावलं, वर मूठभर अक्षता टाकल्या आणि हात जोडून झाकण मिटलं. मांडलेली पूजा लाभपाचमीपर्यंत हलवायची नाही. शेठ सहकुटुंब फिरायला गेले, किल्ली माझ्याकडे राहिली.

मी फुलं उचलली, झाकणावरचं कुंकू पुसलं, बटण दाबलं. यंत्र पिंपिं करत राहिलं. पडद्यावर इंग्रजीत आलं, कीबोर्डमध्ये बिघाड आहे, पुढे जायला एफ-वन दाबा. आता जो चालतच नाही त्याच्यावर काय दाबायचं, कपाळ? तरी मी दाबलं. ढिम्म. बंद केलं, बॅटरी काढून परत बसवली, पुन्हा तेच.

"वायरस होगा," शेठचा भाचा मागून म्हणाला. माझ्या मनात पाल चुकचुकली. याला माझ्या खुर्चीवर बसून पत्त्यांचा गेम खेळायची भारी हौस. दुसरी किल्ली याच्या मामाच्या घरी टांगलेली. मी त्याच्याकडे वळून असं पाहिलं की तो चहा सांगायला निघून गेला. मग तर माझी खात्रीच पटली.

मुहूर्तासाठी परत आलेल्या शेठचा संशय मात्र दुसरीकडे वळला होता. "पूजा के बाद किसीने हाथ नहीं लगाया, तो बिगड़ा कैसे?" ते गोड आवाजात म्हणाले. "चावी तो तुम्हारे पास थी ने, बेन?" मी होय म्हणून नुसती मान हलवली. जास्त बोलले असते तर खाई त्याला खवखवे झालं असतं. त्यांनी खात्यातून वडिलांना बोलावून घेतलं.

वडील अंगावरचा कापूस झटकत आले. शेठचं ऐकून घेतलं, मला जिन्यात नेलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग माय, तुना हात लागना का त्याले? चूक व्हयनी व्हई तर आत्तेच सांगी दे."

"नाही," मी एवढंच म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांना ते पटलेलं नव्हतं.

मी तशीच आत आले. रागाच्या भरात मोठ्या कम्प्युटरचा कीबोर्ड उपटला आणि लॅपटॉपच्या मागे लावून एफ-वन दाबलं. यंत्र चालू झालं, पण पडद्यावर एकच अक्षर आपोआप ओळीने धावत सुटलं. म्हणजे आतलं एक बटण कशाने तरी दाबलेलं राहिलं होतं. यंत्र बंद केलं, वर्तमानपत्रावर उपडं धरलं, पाठीवर थोपटलं. त्या बटणाच्या फटीत केसांची पिन घालून हलकेच फिरवली. तांदळाचा एक लाल दाणा कागदावर पडला.

शेठने तो उचलून कपाळाला लावला. "लक्ष्मीजी बैठ गयी थी!" असं म्हणून मोठ्यांदा हसले. भाचा हसला. सगळ्यांत जोरात वडील हसले. पेढे आले. मला 'चुकलं' असं कोणी म्हणालं नाही.

शेठचा राग मी पेढ्याबरोबर गिळला. परकाच माणूस, त्याची महागाची वस्तू, संशय घेणारच. मीही भाच्यावर घेतलाच होता.

रात्री जेवताना वडील आईला सगळा किस्सा रंगवून सांगत होते. माझी पिन, तो दाणा, शेठचं तोंड कसं झालं. जिन्यातलं तेवढं गाळलं. शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मले तं म्हाईतच व्हतं, मनी पोर आसं करावच नही."

मी ताटावरून उठले. आईला वाटलं, भाजी तिखट झाली.