सुई चालू हाय

आमच्या भागात सुई म्हणजे इंजेक्शन. डॉक्टरने नुसत्या गोळ्या दिल्या तर माणसं घरी जाऊन कुरकुरतात, "साधी सुईसुद्धा मारली न्हाय." बारामतीत मी अ‍ॅक्युपंक्चरचा बोर्ड लावला, तेव्हा लोकांनी आपापलं ठरवून टाकलं की इथे सुया टोचतात, म्हणजे औषध आत जात असणार. सुरुवातीला मी सांगायचो, ही भरीव बारीक तार आहे, हिच्यातून काही जात नाही. ऐकून चेहरे पडायचे. काही जण पुन्हा यायचे नाहीत. मग मी सांगणं बंद केलं.

शिकलो होतो तेही जेमतेमच. शनिवार-रविवारचे वर्ग, भिंतीवर माणसाचं चित्र, त्यावर बिंदू. कुठला बिंदू कशाला, हे पाठ. आजाराचं म्हणाल तर आमचे गुरुजी एकच सांगायचे, "पेशंटच्या औषधांत तोंड घालायचं नाही. ते डॉक्टरचं काम." हे वाक्य पुढे माझ्या फार सोयीचं झालं.

वरकुट्याचे एक चाचा माझ्याकडे यायचे. गादीवाले. कापूस पिंजून, गाद्या भरून त्यांची मान धरली होती. मान सुटली, तेव्हा पायांची आग घेऊन आले. साखर होती, पोटात रोज इन्शुलिन घ्यायचे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आले की खोली जागी व्हायची. पडद्याआडचे पेशंटही कान देऊन ऐकायचे.

"डॉक्टरसाहेब, आमी दाभणानं गाद्या टोचतो, तुमी सुईनं माणसं. धंदा एकच की!"

"तुमची गादी ओरडत नाही, चाचा."

"ओरडत न्हाय, पण दुरुस्तीला परत बी येत न्हाय. आमाला बघा, सारखं हितंच."

सगळे हसायचे. मला हे आवडायचं. गावातला एक मोठा डॉक्टर मला 'सुया टोचणारा' म्हणतो हे माझ्या कानावर आलं होतं. इथे मात्र हा माणूस सगळ्यांदेखत मला डॉक्टरसाहेब म्हणत होता.

काही आठवड्यांनी पायांची आग थांबली. रात्री झोप लागते म्हणाले. येताना पेरू घेऊन आले, शेजारच्या बाकावरच्यांना मोठ्याने सांगितलं, "ह्यांच्या हाताला गुण हाय." त्या दिवशी त्यांच्या पायात सुया लावताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. आधी ते पाय झटकायचे. मी सवयीने विचारलं, "चाचा, साखरेची सुई चालू आहे ना?"

"सुई चालू हाय की," ते म्हणाले, आणि हनुवटीने आपल्या पावलांकडे खूण केली. "ही काय!"

खोली हसली. मीही हसलो. हात पुढची सुई लावत राहिले.

पाय झटकत नव्हते, कारण पाय मरत चालले होते. आग थांबली होती तीही त्यामुळेच असणार. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुठे वाचायला गेलो नाही. पण दुसरी गोष्ट, की इन्शुलिन सोडून ते माझ्याच सुयांवर राहिलेत, ती न कळण्यासारखी नव्हती. मी उरलेल्या सुया लावल्या. औषधांत तोंड घालायचं नाही, हे गुरुजींचं वाक्य आयतं होतं. डॉक्टर म्हणवून घ्यायला मी होतो, आणि डॉक्टरचं काम आलं की मी नव्हतो.

नव्या चपलेने अंगठ्याजवळ फोड आला. त्यांना तो जाणवलाच नाही. दिसला तेव्हा काळा पडला होता. पाय गुडघ्याखालून काढला. पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. मी वरकुट्याला भेटून आलो, चहा घेतला, आणि त्यांच्या बायकोने "तुमी लई केलं" म्हटलं तेव्हा मान खाली घातली. तिला वाटलं, दुःखाने.

नंतर राज्यात आमच्या कामाला कायद्याची मान्यता आली. आमच्यासारख्या जुन्या लोकांची नोंदणी इतक्या वर्षांच्या अनुभवावर झाली. त्या वर्षांत चाचांचीही वर्षं धरली गेली. आता आमच्या बैठकांत वाद चालतो की नवीन पोरांना शिक्षण किती असावं, शरीरशास्त्र किती, दवाखान्यात प्रत्यक्ष काम किती. जुने कुरकुरतात, एवढं लांबवलं तर या धंद्यात येणार कोण? मी मागच्या खुर्चीवर बसून असतो.

परवा चाचांची लेक आली. बारामतीतच कॉलेज केलेली, धीट. हातात कोर्सचं माहितीपत्रक.

"डॉक्टरकाका, यात पुढे काही आहे का? म्हणजे प्रवेश घेऊ का? आणि तुमच्याकडे शिकायला आले तर चालेल? अब्बा सांगायचे, पाय हलके झाले ते तुमच्यामुळे."

मी म्हणालो, "पुढे आहे की नाही, ते शिक्षणावर आहे. मी शिकलो तेवढंच शिकून लोक टोचत राहिले तर नसावं. नसलेलंच बरं." ती हसली. तिला वाटलं, मोठ्या माणसाचा विनय. मग मी तिला सगळं सांगितलं. पायांचं, आग का थांबली त्याचं, आणि 'ही काय' म्हणून केलेल्या त्या खुणेचं.

तिने चहाचा कप बाजूला सरकवला.

"अम्मी रोज विचारायची, सुई घेतली का? अब्बा म्हणायचे, बारामतीत घेतो की. आम्ही निर्धास्त. आम्हाला वाटायचं, तिथे डॉक्टर आहेत." मग तिने मान वर केली. "ते असं म्हणाले तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

चेष्टा वाटली, असं सांगता आलं असतं. अर्धं खरंही होतं ते.

"कळलं होतं," मी म्हणालो.

तिने माहितीपत्रकाची घडी घातली. "कोर्स मी करणार आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे येणार नाही." चहा तसाच राहिला. जाताना चपला घालायला वाकली, तेव्हा तिने टाचेवरून बोट फिरवून पाहिलं. त्या घरात ती आता सगळ्यांचीच सवय असेल.

बाहेर सांगवीची एक म्हातारी गुडघे धरून बसली होती. तिला आत घेतलं. म्हणालो, "आजी, आधी ऐका. मी डॉक्टर नाही. या सुईत औषध नसतं. साखरेची, रक्तदाबाची जी औषधं असतील ती माझ्याकडे येता म्हणून बंद करायची नाहीत."

"आसू द्या ओ डॉक्टर," ती म्हणाली. "तुमच्या हाताला गुण हाय, समदे सांगत्यात."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने डोळे मिटले आणि पाय पुढे केले.