प्रोफेसर टॉलेफसन यांची हिरवी जेली

आयोवातल्या आमच्या गावचे प्रोफेसर टॉलेफसन कॉलेजात धर्म आणि राजकारण शिकवतात. माणूस भला, पण महाभोचक. रविवारची प्रार्थना आटोपली की चर्चच्या तळघरात आम्ही घरून आणलेलं मांडून एकत्र जेवतो. तिथे प्रोफेसर ताट घेऊन, मत कुणाला देणार, देव काय म्हणाला, असलं विचारत फिरतात. आम्हीही घास चावता चावता सगळं सांगून टाकतो. त्यावर त्यांची पुस्तकं निघाली.

परवा त्यांनी केलेली गाजराचा कीस घातलेली लिंबाची हिरवी जेली तशीच्या तशी उरली.

"खरं सांगा, कुणीच का नाही घेतली?"

जो तो कॉफी ओतून घ्यायला वळला. शेवटी म्हाताऱ्या आर्डिसबाई म्हणाल्या, "बाबा रे, मत विचार, सांगते. हे मात्र माझ्यात आणि देवातच राहू दे."