दोन आवाजांतली शिकवणी

इंगळे बाईंना कुणी "बरं हाये ना?" असं विचारलं, तर त्या लगेच उत्तर देत नसत. आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आणि मग म्हणत, "पहिले तुमचं सांगा, काय झालं?" आमच्या शेलूबाजार गावात पुष्कळांना या सवयीची धास्ती होती, कारण बहुतेक वेळा खरंच काहीतरी झालेलं असे.

बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. माझी मुलगी मयूरी त्यांच्याकडे गेली ती अडचणीतून. इथल्या वैद्यकीय प्रवेशात तिचा नंबर दोनदा हुकला होता. आता परदेशातल्या एका विद्यापीठाची प्रवेश परीक्षा तेवढी उरली होती. तिचा निकाल अजून यायचा आहे, म्हणून त्याविषयी काही लिहीत नाही. त्या परीक्षेत एक विचित्र भाग होता. दोन माणसांचं छापील इंग्रजी संभाषण द्यायचं आणि विचारायचं, यातल्या एकाला मनातून काय वाटतं आहे? पहिल्या सरावात मयूरीचे वीसपैकी सहा बरोबर आले. चार पर्यायांत डोळे मिटून खुणा केल्या तरी पाच येतात. मी हिशेबनीस माणूस. मला ते दिसलंच.

बाईंची पद्धत अशी: संभाषण आधी वऱ्हाडीत करायचं, मग दोन आवाजांत मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्या आवाजासाठी मला बसवत. एका उताऱ्यात डॉक्टर म्हाताऱ्याला विचारतो, ऑपरेशन कधी करायचं? म्हातारा म्हणतो, माझ्या कुत्र्याला कोण खाऊ घालील? मयूरीनं लिहिलं, त्याचं प्राण्यांवर प्रेम आहे.

"वाचा भाऊ," बाई मला म्हणाल्या.

"मंग माह्या कुत्र्याले भाकर कोन टाकीन?" मी वाचलं.

मयूरी थबकली. "हा तं आपला मेडशीचा मामा झाला, दवाखान्याचं नाव काढलं का म्हशीचं सांगते. भेला हाये हा, घाबरून राह्यला."

"मंग? त्याले तारीख इचारली, अन् तो कुत्र्याचं सांगून राह्यला. मानूस भेला का बाजूच्या गल्लीत शिरते, पोरी. तू त्याच्या मागं जात जाय."

मयूरीचे गुण वाढत गेले आणि बाईंचं वजन उतरत गेलं. त्यांचा मुलगा संदीप पुण्याहून आला. अकोल्याला तपासण्या झाल्या. तो रिपोर्ट घेऊन आला, तेव्हा शिकवणी चालूच होती. आमच्याकडे असं जिवावरचं काही निघालं, तर डॉक्टर घरच्यांना सांगतात. आजाऱ्याला कुणी सांगत नाही. संदीप खाली बघून चप्पल काढत म्हणाला, "साधी गाठ हाये माय, गोळ्यांनी जिरते. साखर हाये ना घरात? मी चहा मांडतो."

"हाये बापू. मांड."

तो आत गेल्यावर मयूरीचा चेहरा उतरला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "समजलं ना तुले? मलेबी समजलं. त्याले बोलू नको काही."

"पन मॅडम, तुमाले सांगाले पायजे होतं."

"पायजे होतं. मी त्याच्यापाशी दोन गोष्टी बोलली असती. आता कशी बोलू? साध्या गाठीवाली बाई निरोप घेते काय?" मग पुस्तक पुढं ओढत म्हणाल्या, "तू डॉक्टर झाली का आजाऱ्याले पहिले सांगजो. चाल, पुढचा उतारा."

मायलेक शेवटपर्यंत गोळ्यांचंच बोलत राहिले. मला ते ऐकवत नसे.

परीक्षेसाठी मयूरी आदल्या दिवशी नागपूरला गेली आणि त्याच दुपारी बाई गेल्या. "काका, पोरीले सांगू नका. पेपर होऊ द्या," संदीप म्हणाला. मला ते पटलं. संध्याकाळी बाईंच्या अंगणातूनच मी मयूरीला फोन केला. खोली कशी आहे, पंखा चालतो का, सोबतची मुलगी कुठली, सगळं विचारलं.

"बाबा," ती म्हणाली, "पेपरचं काहीच नाही इचारलं तुमी."

"जेवली का तू?" मी विचारलं.

"मॅडम गेल्या का?"

नाही म्हणता आलं असतं. "हो. दुपारी," मी म्हणालो.

ती म्हणाली, "संदीपदादा हाये तिथं? फोन द्या त्याले."

मी दिला. तिचा आवाज मला पुसट ऐकू येत होता. "दादा, मॅडमले पहिल्या दिवसापासून समजलं होतं."

संदीप भिंतीला टेकून खाली बसला. फोन त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

"सांग," तो म्हणाला, "अजून काय म्हने ती?"